बिबट्याच्या नावावर

भैरवनाथा, काशीत तुला कोतवाल म्हणतात. आमच्या जुन्नर-आंबेगावात तू गावोगावी बसलायस, पण कोतवालीचं काम आम्ही तुला फारसं दिलेलं नाही. चैत्रात यात्रा, पालखी, बैलगाड्यांचा घाट, रात्री तमाशा, दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा, एवढ्यावर तुझी बोळवण होते. नवस बोलायला येतो, कौल लावायला येतो, नवा ट्रॅक्टर घेतला की हार घालायला येतो. आज त्यातलं काही नाही. कोतवालाकडं जे घेऊन जायचं असतं ते घेऊन आलोय. एक मरण आहे, आणि ते कुणाच्या नावावर घालायचं हा प्रश्न आहे.

मरण आमच्या गावचं नाही, तालुक्याचंही नाही. जिल्हा मात्र एकच. डिसेंबर २०२४ मध्ये दौंड तालुक्यातल्या कडेठाण गावात, उसाच्या रानात एक बाई मरून पडलेली सापडली. अंगावर जखमा. माणसं जमली आणि जमलेल्यांच्या तोंडून एकच निघालं: बिबट्या. मुद्दाम खोटं बोलायचं तर त्यांतल्या बहुतेकांना कारणही नव्हतं. उसाचं रान, थंडीचे दिवस, एकटी बाई, जखमा. एवढं जुळलं की पुढचं वाक्य आपोआप येतं. बातम्याही तशाच लागल्या. पण जखमांवरचे नमुने प्रयोगशाळेत गेले होते. अहवाल आला त्यात बिबट्याचा मागमूस नव्हता. पोलिसांनी पुन्हा पहिल्यापासून पाहिलं, आणि काही महिन्यांनी दोघांना धरलं. त्यांतला एक तिच्या नात्यातला. माणसानं मारलं आणि बिबट्यावर ढकललं, असा आरोप. खरं-खोटं न्यायालय ठरवील, ते काम मी तुझ्याकडंही मागत नाही.

त्या बाईसाठी मात्र मागतो. तिला तुझ्या पायाशी जागा दे. कित्येक आठवडे तिच्या मरणाला भलतंच कारण चिकटलेलं होतं. घरच्यांनी त्याच कारणासाठी रडून घेतलं, शेजाऱ्यांनी त्याच कारणासाठी पोरं अंधार पडायच्या आत घरात घेतली, आणि आरोप खरा असेल तर ज्यानं मारलं तोही त्या रडण्यात आणि त्या भीतीत कुठंतरी उभाच असणार. खांदा द्यायला, लाकडं आणायला, पाहुण्यांना पाणी द्यायला. देवा, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

आमच्याकडं बिबट्याचं नाव इतक्या सहज का पटतं ते तू पाहिलेलंच आहेस. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली: येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, आणि घोड नदीवर डिंभे. डिंभ्याच्या पाण्यात मूळ आंबेगाव गावच गेलं. तालुक्याला नाव तेवढं उरलं आणि कचेरी घोडेगावला. पाटाचं पाणी खाली आलं, बाजरीच्या रानांचा ऊस झाला, ऊस झाला तसे कारखाने झाले, आणि वर्षभर उभ्या राहणाऱ्या त्या उसात बिबट्यानं संसार मांडला. आता इथली पिल्लं डोंगर न बघताच मोठी होतात. तोडणीचा कोयता फडात पडला की सरीत नीट डोळेही न उघडलेली पिल्लं सापडतात. तोड थांबते. वनखात्याची माणसं येतात, पिल्लं क्रेटमध्ये घालून तिथंच ठेवतात, आणि रात्रीतून आई येऊन एकेक करून उचलून नेते. ज्या कोयतेवाल्या बाईनं ती पहिल्यांदा पाहिली तिची स्वतःची पोरं त्याच फडाच्या कडेला पाचटावर झोपलेली असतात.

आणि बिबट्या खातो काय, तर शेळीच्याही आधी कुत्रं. म्हणजे तुझंच वाहन. गावात रात्री भुंकणारा तुझा शिपाई पहिला जातो, मग वासराची पाळी, आणि मग कधीतरी माणसाची. पंपाची लाईट रात्रीची असते. माणूस बॅटरी घेऊन दारं धरायला जातो, पाणी एका सरीतून दुसरीत वळवायला खाली वाकतो, आणि वाकलेला माणूस बिबट्याला माणसाएवढा दिसत नाही. शेताला दिवसा वीज द्या हे मागणं आमच्याकडं निव्वळ शेतकी मागणं राहिलेलं नाही. तेवढंही तू कुणाच्या तरी कानावर घातलंस तर बरं होईल.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात, आमच्या शिवेला लागून असलेल्या पिंपरखेड-जांबूत भागात तीन आठवड्यांत तीन जीव गेले. दोन लेकरं आणि ऐंशी ओलांडलेली एक आजी. लोकांनी मंचरजवळ पुणे-नाशिक रस्ता रोखून धरला, वनखात्याची गाडी पेटवली, शेवटी नेमबाज आणून एक बिबट्या मारला गेला. बाया गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून रानात जायला लागल्या. पूर्वी असे पट्टे मेंढपाळाच्या कुत्र्याच्या गळ्यात असायचे.

म्हणून आधी हे मागणं ऐक. ज्यांचं माणूस खरोखर बिबट्यानं नेलं, त्यांच्या दारात कडेठाणची सावली पडू देऊ नकोस. बिबट्यानं मारलेल्याच्या वारसांना सरकार २५ लाख रुपये देतं. रक्कम मोठी आहे आणि गावाची जीभ त्याहून मोठी आहे. ज्या आईनं ओट्यावर खेळणारं पोर डोळ्यांदेखत उसात ओढलं जाताना पाहिलं, तिच्याकडं उद्या कुणी तिरप्या नजरेनं बघून विचारील, नक्की बिबट्याच होता का? एका खोट्याचं पाप शंभर खऱ्या दुःखांवर बसतं. वनरक्षक येतो, ठसे बघतो, जखमेवरून कापसाचा बोळा फिरवून तो बंद करून पाठवतो; ते त्याचं काम आहे, ते त्यानं करावं. आम्ही तेव्हा नुसतं शेजारी बसावं, चहाची किटली न्यावी, आणि तिला एकही प्रश्न विचारू नये एवढी अक्कल आम्हाला दे.

दुसरं मागणं बिबट्यासाठी. हसू नकोस. भीमाशंकरच्या बाजूला महादेव कोळ्यांच्या वाड्यांत अजून वाघोबा आहे, शेंदूर लावलेला, आणि वाघबारशीला त्याला नैवेद्य दाखवतात. खाली पाण्याच्या पट्ट्यात आलो तसे आम्ही त्याला विसरलो, पण तो आमच्या मागोमाग उसापर्यंत आला. माणिकडोहच्या निवारा केंद्रात जाऊन बघ. पिंजऱ्यांत बसलेत. कित्येकजण जन्मभरासाठी. त्यांना ना जबाब देता येतो ना वकील. ज्याला बोलता येत नाही त्याच्या नावावर काहीही चढवता येतं, हे माणसानं फार लवकर ओळखलं. बिबट्याच्या पापाचं बिबट्याला भोगू दे. माझ्या भावकीतल्या माणसाचं पाप मात्र त्याच्या नावावर चढू देऊ नकोस.

आता खरं गाऱ्हाणं. ते बिबट्याचं नाही.

गावात कुणी असं संशयानं मेलं की पहिली खबर जाते ती पोलीसपाटलाकडं. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं त्याच्यावर ती जबाबदारी टाकली आहे. तो त्याच गावचा, त्याच वाडीचा, पुष्कळदा मयताचा आणि संशयिताचा दोघांचाही पाहुणा. त्यानं पोलीस ठाण्यात फोन करायचा. मग मंचर, घोडेगाव, ओतूर, नारायणगाव, आळेफाटा, जे ठाणं असेल तिथून जमादार येतो. अकस्मात मयताची नोंद होते. पूर्वी कलम १७४ होतं, जुलै २०२४ पासून नव्या संहितेत ते १९४ झालं. बाकी कागद तोच. पंच म्हणून दोघं बोलावतात, आणि पंच व्हायची वेळ आली की पारावरची गर्दी कशी पातळ होते ते तू देवळातून बघत असतोस. ज्यांना पळता येत नाही असे दोघं सापडतात. एखादा म्हातारा, एखादा दुकानदार. प्रेत कुशीवर वळवून दाखवतात. मयताचे डोळे अर्धवट उघडे, जीभ आत, डाव्या हाताच्या बांगड्या फुटलेल्या, असं एकेक लिहून होतं. शेवटी ते ठरलेलं वाक्य येतं, की आम्हा पंचांचे मते मरणाचे निश्चित कारण समजून येणेकामी प्रेत शवविच्छेदनास पाठवावे. खाली सही. सही करणाऱ्याची नजर बांगड्यांवर अडकलेली असते. बांगड्या कशानं फुटल्या असतील ते त्याला कदाचित माहीत असतं, निदान रात्री कुणाच्या घरातून आवाज आला तेवढं तरी. पण कागदावर ते विचारलेलं नसतं, आणि न विचारलेलं सांगायची रीत नाही.

संध्याकाळी तोच माणूस पारावर बसून सगळं सांगतो. आवाज किती वाजता आला, कोण धावत गेलं, कुणाच्या गाडीचा दिवा बंद होता, बाईनं आठ दिवसांपूर्वी दळण टाकायला आली तेव्हा काय सांगितलं होतं. सगळं. आणि जे माहीत नाही तेही. तिचं चालचलन, त्याचं कर्ज, सासूची करणी. पारावर आम्ही सगळे वकील असतो आणि ठाण्यात सगळे मुके. देवा, माझी मुख्य प्रार्थना एवढीच आहे: हे उलटं कर. जे पारावर सांगतो ते आम्हाला ठाण्यात सांगायला लाव, आणि ठाण्यात जसे गप्प बसतो तसे आम्हाला पारावर बसव.

आम्ही भित्रे आहोत असं म्हणून सुटता येईल, पण ते पुरतं खरं नाही, आणि शहरातून येणारी माणसं तिथंच चुकतात. साक्ष देणारा साक्ष देऊन कुठं जात नाही. त्याचं रान आरोपीच्या रानाला लागून असतं. पाटाच्या पाण्याची पाळी एकामागं एक असते. वरच्यानं दार सोडलं नाही तर खालच्याचा कांदा जळतो. ऊस न्यायची वाट दुसऱ्याच्या बांधावरून जाते आणि ती वहिवाट तोंडी असते. सोसायटीचं कर्ज मंजूर करणारा संचालक आरोपीचा मावसभाऊ. पोरगी द्यायची ती पुन्हा त्याच पंचक्रोशीत. राज्यानं २०१७ साली साक्षीदारांच्या संरक्षणाचा कायदा केला, चांगलंच केलं. पण पोलीस दारात उभा करता येतो, तो पाटाच्या दारावर उभा करता येत नाही. हे भय ज्यानं भोगलं नाही त्यानं आम्हाला शूर व्हायला सांगू नये. तू सांग. तू आमच्या शिवेवर राहतोस, तुला सगळ्यांचे बांध ठाऊक आहेत.

पण या भयाची किंमत कुणी मोजली तेही तुला सांगतो. शेजारच्या नगर जिल्ह्यात खर्डा गाव आहे. तिथं २८ एप्रिल २०१४ ला दिवसाढवळ्या सतरा वर्षांच्या एका दलित मुलाला शाळेतून मारत नेल्याचं आणि गळफास देऊन झाडाला टांगल्याचं फिर्यादीत होतं. कारण काय, तर वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो हा संशय. पाहणारे पुष्कळ होते. खटला उभा राहिला तेव्हा एकामागून एक साक्षीदार फितूर होत गेले, आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. न्यायाधीशापुढं जे आलं त्यावर त्यानं निकाल दिला. पुढं यायचं होतं ते गावात राहिलं. त्या मुलाच्या आईबापाला नंतर बाजाराच्या दिवशी कोण कोण भेटलं असेल, आणि भेटणाऱ्यानं मान कुठं वळवली असेल, हे मी कल्पनेनं सांगू शकतो, कारण मान वळवायची आमची सगळ्यांची रीत एक आहे.

ठाण्यात न दिलेली साक्ष आम्ही मग कावळ्याकडून मागतो. दहाव्याला घाटावर बघ. घोड, मीना, कुकडी, पुष्पावती, प्रत्येक नदीला आता सिमेंटचा दशक्रिया घाट आहे, वर पत्र्याची शेड, खांबावर कुणाच्या निधीतून झाला त्याची पाटी. महाराजांचं प्रवचन चालू असतं. त्यानंतर श्रद्धांजल्या, कारखान्याचे संचालक, सोसायटीचे चेअरमन, पंचायत समितीचे आजी-माजी, सगळे माइक घेऊन मयत फार मनमिळाऊ होती असं सांगतात. त्यांतल्या बहुतेकांनी तिला कधी पाहिलेलं नसतं. मग पिंड ठेवतात आणि हजारभर माणूस गप्प होतो. मरण साधं असेल तर लोक मोबाईल बघतात. मरण संशयाचं असेल तर प्रत्येक डोळा झाडावर. कावळा येतो, फांदी बदलतो, उतरत नाही. पाच मिनिटं, दहा मिनिटं. कुजबुज सुरू होते, शिवत नाही, इच्छा राहिलीय. भाऊ पुढं होऊन हात जोडतो, म्हणतो, आक्का, तुझ्या लेकरांकडं आम्ही बघू. कावळा ढिम्म. दीर म्हणतो, वयनी, काही चुकलं-माकलं असेल तर पदरात घ्या. त्या क्षणी गर्दीतले लोक कावळ्याकडं बघायचं सोडून दिराकडं बघतात. आणि तेवढ्यात कुणीतरी शहाणा म्हणतो, उशीर झाला, पाहुण्यांना लांब जायचंय, दर्भाचा कावळा करा. दर्भाचा कावळा शिवतो. तो नेहमीच शिवतो. पंगत उठते.

भैरवनाथा, कावळ्याला आमच्या साक्षीतून मोकळं कर. आधीच कावळे कमी झालेत.

विहिरीत सापडणाऱ्या बायांबद्दल मी फार बोलत नाही, तुला त्यांचे आवाज आमच्यापेक्षा जवळून ऐकू येत असतील. कायद्यानं लग्नानंतरची सात वर्षं मोजली आहेत. त्यांच्या आत बाई संशयानं मेली तर तिला शवविच्छेदनाला पाठवावंच लागतं आणि चौकशीला तहसीलदार यावा लागतो. १९८३ पासून हे आहे आणि त्यानं काही जीव वाचलेही असतील. आठव्या वर्षी मेलेलीसाठी मात्र पाय घसरला हे वाक्य अजून पुरतं. सत्तर फूट खोल विहीर, जिथं ती रोज दोनदा जात होती, तिथं नेमका त्याच पहाटे पाय घसरला. मे २०२५ मध्ये मुळशीतल्या भुकूमच्या सुनेच्या मरणानं सगळ्या महाराष्ट्रात काहूर उठलं. महिनाभर प्रत्येक वाहिनीवर तेच. त्याच महिन्यात आमच्या बाजूला ज्यांच्या बातमीला चार ओळीही मिळाल्या नाहीत, त्यांची नावं तुझ्या वहीत असू देत.

आणि एक मरण आमच्या जिभेला किती वर्षं पुरतं ते बघायचं तर पाबळला जावं. आंबेगावच्या शिवेपलीकडं, तासाभराची वाट. तिथं मस्तानीची कबर आहे. बाजीराव एप्रिल १७४० मध्ये रावेरखेडीला गेला आणि पाठोपाठ ही गेली. कशानं गेली? कुणी म्हणतं हिरकणी खाल्ली, कुणी म्हणतं विष घेतलं, कुणी म्हणतं सती गेली, कुणी म्हणतं धसक्यानं. पावणेतीनशेपेक्षा जास्त वर्षं झाली, तरी चहाच्या टपरीवरचा माणूस तुम्हाला खात्रीनं सांगतो, जणू काल रात्री तो वाड्यातच होता. जिवंतपणी तिच्या बाजूनं उभं राहायला किती जण होते हा प्रश्न मात्र टपरीवर निघत नाही.

आता ज्याच्यासाठी सहसा कुणी प्रार्थना करत नाही त्याच्यासाठी. ज्याच्यावर संशय आला आणि जो नव्हता, त्याच्यासाठी.

पुण्यात १९८२ साली एका नवविवाहितेचा विषानं मृत्यू झाला. तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, १९८४ मध्ये नवरा सुटला, आणि त्या निकालात न्यायालयानं नुसत्या परिस्थितीच्या पुराव्यावर शिक्षा द्यायची तर काय काय सिद्ध व्हावं लागतं ते पाच कलमांत बांधून दिलं. सारदा खटला म्हणून वकील आजही तो सांगतात. संशय कितीही दाट असला तरी पुराव्याच्या जागी त्याला बसवता येत नाही, असा त्याचा अर्थ. न्यायालयाला तो समजला. गावाला समजणं अवघड आहे, कारण गावात निकाल लागतच नाही. ठाण्यानं सोडलं, कोर्टानं सोडलं, तरी सलूनमध्ये तो आला की गप्पांचा विषय बदलतो. त्याच्या पोराला शाळेत त्या नावानं हाक मारतात. त्याच्या बहिणीची सोयरीक मोडते आणि मोडणारे कारण सांगत नाहीत, पत्रिका जुळली नाही एवढंच कळवतात. खून करून सुटलेला आणि खून न करता अडकलेला, दोघांकडं गाव एकाच नजरेनं बघतं, आणि खरं तर खून करून सुटलेल्याकडं जास्त आदरानं, कारण त्याची भीती वाटते. हे मला तुझ्यापाशी बोलायलाच हवं होतं.

अशा माणसाला दुपारच्या वेळी देवळात बसू दे. कुणी नसतं तेव्हा. त्याच्या पोराला लगोरीच्या डावात कुणीतरी घेऊ दे. त्याची भावजय हळदीकुंकवाला बोलावली जाऊ दे. आणि खरंच त्याच्या हातून झालं असेल, तर त्याला रात्री झोप देऊ नकोस; त्यानं एक दिवस स्वतःच्या पायांनी ठाण्याची पायरी चढावी. माझं कुणाला फाशी व्हावी असं मागणं नाही. शिक्षेचं काम करणारे आहेत.

जाता जाता काही किरकोळ. ग्रामीण रुग्णालयात शवविच्छेदनाच्या खोलीत जो माणूस काम करतो, त्याला तू जप. त्याच्या शेजारी पंगतीला कुणी बसत नाही आणि प्रत्येक खऱ्याचा पहिला धागा त्याच्या हातातून जातो. व्हिसेऱ्याच्या बरण्या प्रयोगशाळेत पोचल्या की तिथल्या माणसांना तेवढं मनुष्यबळ दे, की कारण कळेपर्यंत वर्षश्राद्ध येऊ नये. पोलीसपाटलाला फोन करायची वेळ आली तर त्यानं आधी आमदाराला, मग सरपंचाला आणि शेवटी ठाण्याला, असा क्रम लावू नये. नव्या पोरांच्या हातात मोबाईल आहेत. प्रेताचा फोटो पहिल्या पाच मिनिटांत साऱ्या तालुक्याच्या ग्रुपवर फिरतो आणि त्या घाईत जमिनीवरचे ठसे पायांखाली तुडवले जातात, मग ते बिबट्याचे असोत की बुटाचे. त्यांना चार पावलं मागं उभं राहायला शिकव. दोरी बांधायला तरी शिकव.

आणि भैरवनाथा, आमच्यातल्या कुणीतरी, कुणीही एकानं, पारावर नाही तर ठाण्यात तोंड उघडलं, तर पुढचं तू बघ. त्याच्या कांद्याला पाणी मिळू दे. त्याची उसाची वाट कुणी नांगरू नये. वर्षा-दोन वर्षांनी राजगुरुनगरच्या सत्र न्यायालयातून समन्स आलं की त्याची म्हातारी ऐनवेळी आजारी पडू नये, पाहुणेमंडळी समजूत घालायला रात्री घरी येऊन बसू नयेत. सकाळची एसटी वेळेवर यावी. आरोपीची माणसंही त्याच एसटीत असतील, तेव्हा त्याला पुढं ड्रायव्हरजवळ जागा मिळावी. कोर्टात पुकारा होईपर्यंत त्याला पायरीवर बसू द्यावं, कुणीतरी चहा पाजावा. आणि एवढं सगळं जमून आल्यावर त्या दिवशी वकिलानं पुढची तारीख मागू नये, आणि साहेब रजेवर नसावेत.